आचके कोण देतो आणि झटके कोणाला येतात : एका मोबाइल शब्दकोशाचे परीक्षण

गेल्या वर्षी मिरगाच्या सुमारास मी मोबाइलवर चालणाऱ्या एका इंग्रजी-मराठी शब्दकोशाची वार्षिक वर्गणी भरली. वर्गणी ४९९ रुपये आहे. तेवढ्यात सर्वसाधारण कोशाबरोबर वैद्यकीय शब्दांचा स्वतंत्र विभाग मिळतो, शब्दाचा उच्चार ऐकता येतो आणि कोश एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय वापरता येतो. मालवण तालुक्यातील आमच्या गावात पावसाळ्यात वीज गेली की तिच्यामागोमाग मोबाइलची रेंजही जाते, त्यामुळे मला ही शेवटची सोय सर्वांत मोलाची वाटली आणि त्या बाबतीत कोशाने मला एकदाही दगा दिलेला नाही, हे आधीच नमूद करते. शब्दकोशाचे नाव मात्र मी येथे देत नाही. त्याच्या निर्मात्यांशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि याच जातीचे आणखी दोन कोश चाळून पाहिल्यावर असे दिसले की ज्या दोषाविषयी मी लिहिणार आहे तो थोड्याफार फरकाने त्यांच्यातही आहे. तारेच द्यायचे झाले तर पाचांपैकी अडीच.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्तीनंतर गावातील एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांची आरोग्यविषयक पत्रके मी तपासून देते. अतिसारात काय पाजावे, लसीनंतर ताप आला तर काय करावे, अशा विषयांची ही एकपानी पत्रके दवाखान्यात, अंगणवाडीत आणि मच्छीमार वाड्यांवरच्या महिला मंडळांत वाटली जातात. मूळ मजकूर बहुधा इंग्रजीत असतो आणि मराठी मसुदा कोणी ना कोणी मदतनीस करतो. त्या मदतनिसांच्या हाती चांगला कोश असावा म्हणून मी हा घेतला आणि त्यांनाही घ्यायला लावला. पुढे जे घडले त्यात माझाही वाटा आहे, तो असा.

लहान मुलांना तापात येणाऱ्या झटक्यांविषयी एक पत्रक करायचे ठरले. सहा महिने ते पाच वर्षे या वयात ताप झपाट्याने चढला की काही मुलांचे अंग एकाएकी ताठ होते, डोळे वर जातात, हातपाय लयीने हिसके देऊ लागतात आणि मूल हाकेला ओ देत नाही. पाहणाऱ्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही, पण बहुतेक वेळा हे सर्व काही मिनिटांत आपोआप थांबते आणि मुलाला त्यातून कायमची इजा होत नाही. पत्रकाचा सारा भर आईला धीर देण्यावर होता. मसुदा करणाऱ्या मुलीचे सगळे शिक्षण मुंबईत इंग्रजीतून झालेले. तिने कोशात ‘कन्व्हल्शन’ हा शब्द पाहिला आणि पहिला प्रतिशब्द उचलला. मी त्या आठवड्यात बहिणीकडे वेंगुर्ल्याला गेले होते आणि डॉक्टरांना छपाईची घाई होती. पत्रक छापून आले त्यातले ठळक अक्षरांतले पहिले वाक्य असे होते : ‘तापामध्ये मुलाने आचके दिल्यास घाबरून जाऊ नये.’

महिला मंडळाच्या बैठकीत आशाताईंनी हे वाक्य मोठ्याने वाचले तेव्हा मी परतले होते आणि मागच्या ओळीत बसले होते. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एक म्हातारी, जिची दोन मुले आणि तीन नातवंडे माझ्या हाताखालून गेली आहेत, माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आचके दिल्यावर घाबरान काय करूचा बाई? रडूचाच मा!’ बायका हसल्या. मांडीवर तापाने फणफणलेले मूल घेऊन बसलेली एक तरुण आई मात्र हसली नाही, तिने पत्रकाची घडी करून ते खाली ठेवले.

त्या म्हातारीला जे एका क्षणात कळले ते या कोशाला ठाऊक नाही. आचके हे मरणाऱ्याचे असतात. गळ्याशी आलेला प्राण बाहेर पडताना शरीर जे शेवटचे हिसके देते, त्यांना मराठीत आचके म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकात ‘आचका’ असे एकवचन सापडेल, पण बोलताना ते बहुधा अनेकवचनीच असतात आणि त्यांच्याबरोबर ‘देणे’ हे क्रियापद येते. जाळ्यातून पुळणीवर पडलेली सुरमई आचके देते, मान पिरगळलेला कोंबडा आचके देतो. निर्जीव वस्तूंबद्दल हा शब्द वापरतो तेव्हाही अर्थ शेवटाचाच असतो. होडीचे इंजिन भर समुद्रात आचके देऊ लागले म्हणजे ते आता बंद पडणार, तेल संपलेला दिवा आचके देतो म्हणजे तो विझणार, एखादी पतसंस्था शेवटचे आचके देते आहे म्हणजे ठेवीदारांनी आपल्या पावत्या शोधाव्यात. आचके देऊन मग उठून बसलेला कोणी मी तरी मराठीत पाहिलेला नाही. इंग्रजी शब्दाच्या अर्थाला ‘शरीराचे जोरदार, अनावर हिसके’ एवढाच नियम लावला तर ‘आचके’ बरोबर ठरतो, म्हणून तो कोशात पहिल्या क्रमांकावर बसला असावा. परंतु शब्द कोणाच्या बाबतीत, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या क्रियापदाबरोबर येतो हे सांगितल्याशिवाय नुसता अर्थ सांगणे म्हणजे औषधाचे नाव सांगून मात्रा न सांगण्यासारखे आहे.

कोशातली ती नोंद मी नंतर शांतपणे वाचली. ‘आचके, आक्षेप, झटका, पेटका, थरकाप, खळबळ’ असे सहा शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडले आहेत. ना क्रियापद, ना उदाहरण, ना कोणता शब्द बोलीतला आणि कोणता शास्त्रातला याची खूण. या सहांपैकी पत्रकात जसाच्या तसा घालण्याजोगा एकही नाही.

‘झटका’ घ्या. हा शब्द जवळ जाणारा आहे, पण तो अनेकवचनात. मराठीत वचन बदलले की रोग बदलतो, हे मला स्वतःलाही या निमित्तानेच नीट उमगले. ‘त्यांना झटका आला’ असे म्हटले की ऐकणारा हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा विचार करतो. ‘त्यांना झटके आले’ म्हटले की डोळ्यांपुढे हातपाय हिसकणारे शरीर येते. विजेच्या तारेचा बसतो तोही झटकाच, पण तो ‘बसतो’, येत नाही. डॉक्टरांनी एकदा दूरध्वनीवरून एका बापाला विचारले की मुलाला याआधी कधी झटका आला होता का, तर त्याने घाईघाईने उत्तर दिले की नाही, हृदय अगदी उत्तम आहे, शाळेच्या तपासणीत पाहिले होते. त्या मुलाला दोन वर्षांपूर्वी तापात झटके येऊन गेले होते आणि बापाला ते पक्के आठवतही होते. प्रश्नात एका मात्रेचा फरक असता तर उत्तर वेगळे आले असते.

‘आक्षेप’ या शब्दाची कथा आणखी गमतीची आहे, आणि येथे मी कोशकर्त्यांना थोडे झुकते माप देते, कारण शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या वर्णनात आक्षेपक हा विकार आला आहे. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. शरीर वारंवार फेकले जाते म्हणून आक्षेपक. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना हा शब्द रोजचा आहे आणि काही परिभाषाकोशांतही तो याच अर्थाने येतो. परंतु सातबाऱ्यावरच्या फेरफाराला हरकत घेतात तो आक्षेप सर्वांच्या ओळखीचा, आणि कोकणात तर जमिनीच्या वाटण्यांमुळे तो घरोघरी पोहोचलेला. ‘तुमच्या मुलाला आक्षेप आहे का?’ असा प्रश्न छापलेला एक तपासणीतक्ता मी खरोखर पाहिला आहे. त्यापुढे एका आजोबांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘आमचा काही आक्षेप नाही.’ कोशात या शब्दापुढे ‘आयुर्वेद’ एवढी एक खूण असती तरी हे टळले असते.

‘थरकाप’ आणि ‘खळबळ’ यांवर फार वेळ घालवत नाही. पहिला भीतीने उडतो आणि दुसरी बातमीने माजते.

‘पेटका’ हा एकाच स्नायूचा विषय आहे. पोटरीत, तळपायात किंवा पोटात येतात ते पेटके, आणि आमच्याकडे पोटरीपुरते बोलायचे तर ‘गोळा आला’ असेच म्हणतात. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून राहिल्यावर रात्री अंथरुणात पायाला गोळा येतो, तेव्हा माणूस पूर्ण शुद्धीवर असतो आणि घर जागे होईल एवढ्याने ओरडत असतो. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आणि क्षार गेले की असे पेटके अंगभर येतात. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जुन्या साथींत ते फार भयंकर असत. याच संदर्भात आपल्या किनाऱ्यावरच्या एका शब्दाचा प्रवास सांगण्यासारखा आहे. अजीर्णाला आणि पोट बिघडण्याला आपण आजही ‘मोडशी’ म्हणतो. पोर्तुगीजांनी गोव्यात हा शब्द ऐकला आणि जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाला लावला. गार्सिया द ऑर्ता या वैद्याच्या, १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तो ‘मोर्शी’च्या जवळपास जाणाऱ्या रूपात आढळतो. पुढे पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे ‘मोर्देशिं’ झाले आणि फ्रेंचांनी ते आपल्या कानाने ऐकून त्याचा ‘मोर द श्यां’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असा अर्थ लावला. कुत्र्याचा त्यात काहीही संबंध नव्हता. शब्द ऐकून जवळचा अर्थ चिकटवण्याची खोड आमच्या मोबाइल कोशाच्या कितीतरी आधीची आहे, एवढेच या विषयांतराचे प्रयोजन.

आता नोंदीत जे नाही त्याविषयी. या किनाऱ्यावर, आणि माझ्या माहितीप्रमाणे उभ्या महाराष्ट्रात, तापातल्या झटक्यांना आणि अपस्माराच्या झटक्यांना लोक ज्या शब्दाने ओळखतात तो ‘फिट’. ‘झिलाक फिट इली’, म्हणजे मुलाला फिट आली, असा निरोप घेऊन कोणी धावत आला तर दवाखान्यात एकाही माणसाला दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही. शब्द इंग्रजीतून आला, पण तो स्त्रीलिंगी झाला, ‘येणे’ हे क्रियापद त्याने घेतले आणि ‘तो अगदी फिट आहे’ यातल्या विशेषणाशी त्याचा कधीही गोंधळ होत नाही. एवढे सगळे करून बसलेल्या शब्दाला परका कसा म्हणावे? कोशाने मात्र तो मूळचा इंग्रजी म्हणून वगळला आहे. त्याचप्रमाणे ‘आकडी’ हा अस्सल शब्दही वैद्यकीय विभागात नाही. सर्वसाधारण विभागात ‘आकडी : लहान हूक’ एवढेच मिळते. कोयती अडकवण्यासाठी कमरेला बांधतात ती आकडी आमच्या सर्वांच्या परिचयाची आहे. फिट आलेल्या माणसाची बोटे, मनगटे आणि मान जशी आत वळतात ते ज्याने पाहिले आहे त्याला दोन्ही अर्थांना एकच शब्द का, हे सांगावे लागत नाही. ‘त्येका आकडी येता’ हे वाक्य आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून अजून ऐकू येते. तरुण पिढी फिटकडे वळली आहे.

‘फेफरे’ हा शब्द कोशात आहे, पण तो ‘एपिलेप्सी’च्या नोंदीत ‘अपस्मार’ आणि ‘मिरगी’ यांच्याबरोबर समान दर्जाने बसवलेला आहे, आणि ही चूक आचक्यांइतकी ढळढळीत नसली तरी मला अधिक गंभीर वाटते. हे तीन शब्द एकाच रोगाची नावे आहेत हे खरे. त्यांचे वजन मात्र सारखे नाही. ‘अपस्मार’ म्हणजे स्मृतीचे, भानाचे जाणे. चरकसंहितेत त्याचे निदान स्वतंत्र अध्यायात आहे आणि नटराजाच्या पायाखाली दबलेल्या बुटक्या पुरुषाचे नावही अपस्मारच आहे. रुग्णाच्या तोंडावर हा शब्द उच्चारला तर तो दुखावला जात नाही, फार तर त्याला तो कळत नाही. ‘फेफरे’ मात्र मराठीत शिवीच्या अंगणात जाऊन बसला आहे. ‘काय फेफरे आले काय तुला?’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकले आहे. ज्या घरात खरोखर हा आजार आहे, त्या घरातल्या मुलीचे लग्न या एका शब्दाने मोडते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ सालच्या दुरुस्तीपासून वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या बरोबरीने अपस्माराचाही विवाहाला बाधक म्हणून उल्लेख होता, आणि तो १९९९ सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. कायद्याने जो शब्द खोडला तो बोलण्यात अजून टिकून आहे. औषधे नियमित घेतली तर सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके पूर्ण थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ‘फेफरे’ शीर्षक असलेले पत्रक कोणी चारचौघांत हातात घेणार नाही, तर औषधापर्यंत पोहोचणार कोण? अशा शब्दापुढे ‘हीनार्थी’ किंवा ‘जपून वापरावा’ अशी खूण देणे हे कोशाचे कर्तव्यच आहे.

नोंदी ताडून पाहताना मी मग क्रियापदांचीच एक यादी केली, आणि पत्रके लिहिणाऱ्या कोणालाही ती शंभर प्रतिशब्दांहून उपयोगी पडेल असे मला वाटते. फिट, आकडी, झटके, पेटके येतात. दातखीळ बसते. हुडहुडी आणि कापरे भरते. खोकल्याची उबळ येते. धनुर्वात होतो. आणि आचके दिले जातात. जे ‘येते’ ते बाहेरून आल्यासारखे येते आणि बहुधा जाते, म्हणून ते ज्याला येते तो चतुर्थीत असतो : मुलाला फिट येते. जो ‘होतो’ तो रोग मुक्काम करतो. ‘देणे’ मात्र कर्त्याला प्रथमेत आणते : मूल आचके देते. मराठी वाक्यात रुग्णाचे काय होणार आहे हे या विभक्तींतच सांगून टाकलेले असते.

यांपैकी धनुर्वाताची नोंद कोशात बरी आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. गंजलेला गळ, माशाचा काटा, चिखलातली फुटकी काच यांनी झालेल्या जखमेतून हे जंतू शरीरात शिरतात आणि त्यांचे विष स्नायूंना आवर घालणारे मज्जारज्जूतील संदेश अडवते. आवर सुटलेले स्नायू आखडतच जातात. प्रथम जबडा मिटतो, मग पाठ धनुष्यासारखी मागे वाकते. शब्दातच रोगाचे चित्र आहे. आमच्या रानात असलेल्या काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, बियांतील स्ट्रिक्नीन हे विषही याच आवरावर घाला घालते. पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते १८१८ साली वेगळे काढले. काजऱ्याची पिकलेली नारिंगी फळे दिसायला सुरेख असतात आणि त्यांना हात लावू नये हे आम्हांला लहानपणीच बजावलेले असते. या दोन्हींत शरीर हिसके देत असताना माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, तर सर्वांगाच्या फिटमध्ये शुद्ध हरपते. डॉक्टरांच्या दृष्टीने हा भेद अतिशय महत्त्वाचा आहे आणि ‘दातखीळ बसली, पण बोललेले कळत होते’ असे एक वाक्य घरच्यांनी सांगितले तर निदानाला मोठी मदत होते. कोश ‘लॉकजॉ’साठी ‘हनुस्तंभ’ देतो. दातखीळ नाही. ‘हनु’ म्हणजे जबडा हे माझ्या शाळेतल्या मुलांना मारुतीच्या नावावरून सांगता येत असे. पत्रकाच्या वाचकाकडून तशी अपेक्षा कशी करावी?

जुन्या छापील कोशांशी तुलना करणे अन्यायाचे वाटेल, पण ती करणे भाग आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, नामापुढे कोणती क्रियापदे येतात ते नियमाने देतो. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२पासून खंडशः निघाला. त्यात शब्द राजापुरी, कुडाळी की गोमंतकी हे कंसातल्या संक्षेपाने कळते. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाने संगणकावर आणून फुकट खुले केले आहेत. त्यांची दिशा मराठीकडून आहे आणि माझ्या कोशाची इंग्रजीकडून, त्यामुळे एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही, हे मान्य. पण १८५७ साली एका इंग्रज अधिकाऱ्याला आणि त्याच्या शास्त्रीमंडळाला जे आवश्यक वाटले ते आजच्या ४९९ रुपयांत का बसू नये, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. शोधाची सोय कच्ची आहे. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे सामान्यरूप होते, झटक्याचा ‘झटक्या’ आणि फेफऱ्याचा ‘फेफऱ्या’, आणि वाचताना आपल्यापुढे बहुधा तेच रूप येते; कोशाला मात्र मूळ रूप टंकले तरच शब्द सापडतो. ‘फेफऱ्याने’ मधला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यातली एकच पद्धत कोशाला कळते. उच्चार ऐकवणारा आवाज ‘झटके’मधला झ हिंदी वळणाने, ‘झेंडा’तल्यासारखा काढतो; तो ‘झाड’मधला हवा. आमच्या मदतनीस मुलीने तो आवाज ऐकून तसाच उच्चार उचलला आणि आशाताईंनी तो सुधारला. अक्षरे मोठी करता येतात, ही गोष्ट माझ्या वयाच्या माणसांसाठी फार चांगली आहे. जाहिराती नाहीत. औषधांच्या आणि अवयवांच्या नावांत मला चूक सापडली नाही. नामापुरता हा कोश विश्वासाचा आहे, शरीर हलू लागले की त्याची वाचा बसते.

मी निर्मात्यांना सविस्तर पत्र लिहिले. बारा दिवसांनी उत्तर आले. भाषा सौजन्याची होती, आणि ‘आपला आक्षेप नोंदवून घेतला आहे’ असे त्यात होते. हे वाक्य मी डॉक्टरांना वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ हसत होते. महिन्याभराने झालेल्या सुधारणेत ‘आचके’ पहिल्या क्रमांकावरून तिसऱ्यावर गेला आहे आणि त्याच्यापुढे ‘मृत्युसमयीचे’ असा शब्द आला आहे. ‘फिट’ अजून आलेली नाही. त्यावर त्यांचे म्हणणे असे की शुद्ध मराठी प्रतिशब्द देणे हे त्यांचे धोरण आहे. मी दुसरे पत्र पाठवले आहे.

पत्रक आम्ही पुन्हा छापले. या वेळी मसुदा आधी आशाताईंना आणि त्या म्हातारीला वाचून दाखवला. पहिले वाक्य आता असे आहे : ‘तापात मुलाला फिट आली (झटके आले, आकडी आली), तर मुलाला एका कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा.’ खाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा, बोट किंवा कापड घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा; पहिल्यांदाच फिट आली असेल तर ती थांबल्यावरही मुलाला दवाखान्यात आणावे. कंसातले दोन शब्द ठेवावेत की नाही यावर आमचा बराच वाद झाला. म्हातारीने निकाल दिला की तिघेही असू देत, कोणाच्या घरात कोणता बोलतात ते तुम्हांला कुठे माहीत.

वर्गणीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. ती मी पुन्हा भरणार आहे, कारण अवयवांच्या आणि औषधांच्या नावांसाठी आणि रेंज नसताना चालणारा दुसरा कोश मला मिळालेला नाही. मदतनिसांच्या मोबाइलमध्ये मात्र मी क्रियापदांची ती यादी छायाचित्र काढून घालून दिली आहे, आणि कोशातून घेतलेला प्रत्येक शब्द आधी तिच्याशी ताडून मगच मसुदा माझ्याकडे आणावा, असे सांगून ठेवले आहे.